धागा: टीडीएस कमी आला म्हणून विहिरीचं पाणी निर्धास्त प्यावं का? (सावली तालुका, जि. बडोदे)

महीकाठची

मंडळी, नमस्कार. थोडं लांबेल, पण सविस्तर लिहिल्याशिवाय कळायचं नाही.

आम्ही बडोद्याहून तासाभरावर, सावली तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. गायकवाडीत पणजोबांना इथे जमीन मिळाली, तेव्हापासून आम्ही मराठी घरं इथलीच झालो. बाकी गाव पटेल, परमार, बारियांचं. गावात पाणी दोन ठिकाणचं. एक पंचायतीचा बोर: तिथून उंच टाकीत आणि टाकीतून नळाला. हे पाणी भांभरं, म्हणजे मचूळ-खारट, त्यात डाळ शिजत नाही. दुसरी आमच्या फळियातली (आळीतली) जुनी विहीर. तिचं पाणी मोळं, गोड. त्यामुळे आंघोळ-धुणं नळाच्या पाण्यावर, आणि पिणं नि डाळ विहिरीच्या, अशी बहुतेक घरांत वाटणी झाली आहे.

यंदा पाऊस सरता सरता फळियात जुलाब सुरू झाले. आधी मुलं, मग मोठी माणसं. दोन मुलांना सावलीला नेऊन सलाइन लावावं लागलं. नेमका त्याच आठवड्यात एक मशीनवाला आला. त्याने दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत लोखंडी कांड्या बुडवून बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी चहासारखं तांबूस झालं, वर मळकट फेस आला. मशीनचं होतं तसंच राहिलं. बायका अक्षरशः दचकल्या. मग त्याने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं मीटर काढलं. नळाचा आकडा चौदाशेच्या आसपास, विहिरीचा चारशेच्या आत. झालं! गावाने निष्कर्ष काढला की विहीर चोख आहे आणि जुलाब नळाच्या पाण्याने झाले. आता अर्धं फळियं म्हणतंय, नळ बंद करा, सगळे विहिरीवर या.

मला हे उलटं वाटतं. विहिरीचा ओटा दोन ठिकाणी फुटलाय. ओट्यावरच कपडे धुतात आणि ते पाणी फटीतून परत आत झिरपतं. शेजारी म्हशी बांधलेल्या असतात. शिवाय मागच्या दोन-तीन वर्षांत जे संडास झाले, त्यातल्या एकाचा शोषखड्डा विहिरीपासून वीस पावलांवरही नाही. गुरुवारी पाणी समितीची बैठक आहे. तिथे "मला वाटतं" एवढ्यावर कोण ऐकणार? नेमकं काय सांगू, काय तपासायला सांगू, आणि तोवर घरात काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं.

दांडियाबाजार

ताई, त्या कांड्यांचा प्रयोग आमच्या सोसायटीतही झाला होता. त्यात पाण्यातली घाण दिसत नाही, कांडीचा धातू दिसतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, कांडीचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा तांबूस गाळ वर येतो. मशीनच्या पाण्यात क्षारच उरलेले नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्याच मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून बटण दाबायला सांगा, तेही तांबूस होईल. बैठकीत हे करून दाखवलंत तर निम्मं काम होईल.

प्रयोगशाळेतले काका

पाणी तपासण्यात नोकरी गेली, त्यामुळे जरा मोठा प्रतिसाद देतो.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची एकूण गोळाबेरीज. मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून आकडा काढून दाखवतं. त्याला जंतू दिसत नाहीत, कारण जंतू वीज वाहून नेत नाहीत. चारशे टीडीएसच्या पाण्यात संडासातले जंतू भरलेले असू शकतात आणि चौदाशेच्या पाण्यात एकही नसू शकतो. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे नेमकं असंच असावं, असा माझा अंदाज. बोरचं पाणी खोलवरून येतं, वाटेत क्षार उचलतं म्हणून भांभरं. पण मातीच्या जाड थरांतून गाळून येतं. विहीर उथळ, गावाच्या मधोमध, फुटक्या ओट्याची. पावसात वरचं सगळं तिच्यात.

भारतीय मानक आय. एस. १०५००, २०१२ चं. त्यात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. म्हणजे तुमचं नळाचं पाणी चवीला वाईट, पण त्या आकड्यावरून विषारी ठरत नाही. जंतूंच्या बाबतीत मात्र तडजोड नाही: १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही सापडता कामा नये. नायट्रेट, म्हणजे खतातून नि संडासातून पाण्यात उतरणारा क्षार, त्याची मर्यादा ४५, तिथेही सूट नाही. फ्लोराइड १ पर्यंत इष्ट, नाइलाज असेल तर १.५. आपल्या पूर्वेकडच्या पट्ट्यात, छोटा उदेपूरच्या बाजूला, बोरच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास आहे, म्हणून तुमच्या बोरचं फ्लोराइड एकदा बघून घ्याच. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, उकळूनही जात नाही.

तेव्हा समितीला तीन गोष्टी तपासायला सांगा: जंतू, नायट्रेट, फ्लोराइड. विहिरीचं, बोरचं आणि घरातल्या माटातलं, तिन्ही पाणी. माटातलं विसरू नका.

शेतीवाडी

मी सगळं वाचलं, पण एक पटत नाही. आमचे आजोबा नव्वदीपर्यंत त्याच फळियातल्या विहिरीचं पाणी प्यायले. कधी दवाखाना बघितला नाही. हे सगळं मशीन विकणाऱ्यांनी आणि प्रयोगशाळावाल्यांनी घातलेलं भय आहे. निसर्गाचं पाणी नासत नाही.

प्रयोगशाळेतले काका

दादा, आजोबांच्या वेळी त्या विहिरीपासून वीस पावलांवर शोषखड्डा होता का? शेतात गोणी गोणी युरिया पडत होता का? विहीर तीच असेल, तिच्या आजूबाजूची जमीन ती राहिलेली नाही. आणि नव्वदी गाठलेले आजोबा आपल्या लक्षात राहतात. त्यांच्याच पिढीत वर्ष-दोन वर्षांची होऊन जुलाबाने गेलेली भावंडं किती होती, ते घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या आत्याला विचारा. माझ्या आईची दोन गेली. मी कुणाचं मशीन विकत नाही. मला वाटतं तुमच्या गावाला मशीन नकोच आहे, ब्लीचिंग पावडर आणि गवंडी हवा आहे.

रावपुऱ्याची काकू

गवंडी हवा हे अगदी खरं! आणि घरात पाणी काढायचा डोयो हवा.

माझं माहेर पादऱ्याकडचं. आमच्या पाणियाऱ्यावर तांब्याची नि मातीची भांडी ओळीने असायची, आणि लांब दांड्याचा डोयो खुंटीला टांगलेला. आईचा दंडक असा की माटात हात बुडवायचा नाही, पेला तर नाहीच. डोयो कधी खाली ठेवायचा नाही, परत खुंटीलाच. आता बघते तर पोरं शाळेतून येतात, मातीचे हात, सरळ स्टीलचा ग्लास माटात बुडवतात. मग विहीर कितीही शुद्ध करा, त्या ग्लासाबरोबर सगळं परत आत जातं. ताई, डोयो आणा, नाहीतर तोटी लावलेला माट आणा. झाकण हवंच. माट रिकामा झाला की त्यावर नुसतं नवं पाणी ओतायचं नाही. आतून हात फिरला की बुळबुळीत लागतं, ते घासून काढायचं.

गाळायचं फडकं रोज धुवून उन्हात वाळवा. ओलं फडकं माटाच्या गळ्याभोवती गुंडाळून ठेवलेलं मला बघवत नाही.

सिस्टर ताई

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. पाण्याचं बाकीचे सांगताहेत, मी आजारी पडलेल्यांचं सांगते, कारण गुरुवारच्या आधीही कुणाला जुलाब होतील.

जुलाब सुरू झाले की पहिल्या जुलाबापासून ओआरएस. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात असा अंदाज करू नका; प्रमाण चुकलं की फायद्याऐवजी अपाय. ते पाणी उकळून गार केलेलं असावं आणि चोवीस तासांत संपवावं. अंगावरचं दूध चालूच ठेवा, जेवणही. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चौदा दिवस, जुलाब आधी थांबले तरी. दोन-सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. आशा बेनकडे दोन्ही मिळतं. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू जागेवर आली, लघवी थांबली, शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका.

आणखी एक. फळियात वरचं दूध पिणारं तान्हं बाळ असेल तर नायट्रेटचा आकडा कळेपर्यंत त्याच्या दुधासाठी विहिरीचं पाणी वापरू नका. नायट्रेट जास्त असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही, बाळ निळसर पडतं. इथे उकळण्याचा उपयोग नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून. महीकाठच्या ताई, बैठकीत दाखवायला तुम्हाला प्रयोगशाळेच्या कागदापेक्षा जास्त उपयोगी पडेल अशी वस्तू आहे: काळी पडणारी बाटली. हायड्रोजन सल्फाइडची चाचणी म्हणतात. ही आमच्या ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये जगापुढे आणली, नंतर ती खूप देशांत वापरली गेली. छोट्या निर्जंतुक बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून घरात उबदार जागी ठेवायचं. विष्ठेतून येणारे जंतू असतील तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडतं. ज्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास येतो तिथे ही चाचणी फसू शकते, एरवी गावासाठी उत्तम.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासणीचं किट वापरायला शिकवायचं ठरलं आहे. तुमच्या पंचायतीच्या कपाटात ते किट पडलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. तलाठ्याला किंवा सरपंचांना आधी तेच विचारा. काळी पडलेली बाटली मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका, त्यात जंतू वाढवलेले असतात. ब्लीचिंगचं पाणी ओतून, तासाभराने पुरून टाका.

महीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. किट खरंच निघालं! पंचायतीच्या कपाटात, सील न फोडलेलं. पण बाटल्यांची मुदत संपली होती, म्हणून सरपंच बेनने तालुक्याहून नव्या मागवल्या. आज संध्याकाळी तीन भरल्या: विहिरीची, टाकीखालच्या नळाची, आणि एका घरातल्या माटाची. माट मुद्दाम अशा घरातला घेतला जिथे फक्त नळाचं पाणी भरतात.

काका, तोवर विहिरीत पावडर टाकायची तर किती? विहिरीचा व्यास साधारण ३ मीटर, पाणी सध्या ४ मीटर आहे.

प्रयोगशाळेतले काका

व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४. म्हणजे ३ × ३ × ४ × ३.१४ ÷ ४ = २८.२६ घनमीटर, अर्थात सुमारे २८,००० लिटर. चांगल्या ताज्या ब्लीचिंग पावडरीत वापरता येणारा क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तिचं ढोबळ प्रमाण १,००० लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे तुमच्या विहिरीला ७० ग्रॅमच्या आसपास. पाणी गढूळ असेल तर जास्त लागेल, म्हणून नंतर तपासणं आवश्यक.

पावडर कोरडी विहिरीत फेकू नका, मी कित्येक गावांत तेच बघितलं आहे. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा, पाच-दहा मिनिटं बसू द्या. चुना खाली बसेल. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली दोराने विहिरीत सोडून वरखाली, आजूबाजूला चांगली हलवा. खालचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका, त्याने पाणी आणखी जड होतं. हे रात्री करा, म्हणजे सकाळपर्यंत कुणी उपसणार नाही. कमीत कमी एक तास तरी द्यायलाच हवा. त्या तासानंतर किटमधल्या क्लोरीनच्या चाचणीत ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर दिसायला हवं. नाही दिसलं तर मात्रा कमी पडली.

पावडर जुनी असेल तर सगळा हिशेब फसतो. उघड्या पोत्यात दमट खोलीत पडलेली पावडर म्हणजे नुसता चुना. वास येतो का बघा.

शेतीवाडी

त्या वासाचं पाणी कुणी पिणार नाही, हे मी आत्ताच सांगतो. आमच्या इथे एकदा टाकलं होतं, लोक आठवडाभर दुसऱ्या फळियात जात होते. त्यापेक्षा तुरटी फिरवा, पाणी काचेसारखं होतं.

रावपुऱ्याची काकू

तुरटीने माती खाली बसते, भाऊ. जंतू मरत नाहीत. आधी तुरटी, मग निवळलेल्या पाण्यात क्लोरीन असं केलं तर दोन्ही साधतं. वासाचं म्हणाल तर पाणी भरून माटात तासभर ठेवा, वास बराच उतरतो. आम्ही बडोद्यात लहानपणापासून नळाला तो वास घेत आलो आहोत. मला तर वास आला की बरं वाटतं.

दांडियाबाजार

शहराला महीचं पाणी फाजलपूर, रायका, दोडक्याच्या फ्रेंच कुव्यांतून येतं. नदीच्या वाळूखाली आडवे नळ पसरलेले, वाळूतून गाळून पाणी कुव्यात. एवढं गाळलेलं पाणी असूनही पुढे क्लोरीन घालतातच, कारण नळ कुठे फुटेल सांगता येत नाही. मग उघड्या विहिरीला नको असं कसं म्हणायचं?

त्या मशीनबद्दल, म्हणजे आरओबद्दल, एवढंच, की तुमच्या बोरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं तर त्याचा विचार करावा लागेल, कारण ते काढायला आरओ उपयोगी आहे. पण एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं. आणि आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे ते मळक्या भांड्यात गेलं की त्याला राखण करणारं काही नसतं. विहिरीच्या पाण्याला तर गरजच नाही.

सिस्टर ताई

पावडर घरात आणणार असाल तर दोन सूचना. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र कधीही करू नका, एकापाठोपाठ एकही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात माणूस गुदमरतो. ॲसिड शीतपेयाच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवायची सवय तर ताबडतोब मोडा. पाण्याची बाटली समजून मुलांनी तोंडाला लावल्याचं मी बघितलं आहे, आणि ते विसरता येत नाही.

ओट्यावर पाण्याची मोटर असेल तर अर्थिंग बघून घ्या. ओल्या पायांनी बायका बटण दाबतात.

महीकाठची

बैठक झाली. बाटल्या टेबलावर तिन्ही शेजारी ठेवल्या होत्या.

विहिरीची दुसऱ्या सकाळीच काळी झाली होती, शाईसारखी. नळाची शेवटपर्यंत स्वच्छ. आणि माटाची, ज्या घरात फक्त नळाचं पाणी येतं त्या घरातल्या माटाची, तीही काळी. त्या घरच्या काकी आधी चिडल्या, मग बाटली हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या. शेवटी त्यांनीच विचारलं, डोयो कुठे मिळेल.

काय ठरलं ते सांगते. विहिरीत रात्री पावडर टाकली, सकाळी किटमध्ये क्लोरीन दिसलं. पावसाळा संपेपर्यंत हे चालू ठेवायचं, रोज किटने बघून. जबाबदारी दोन बेनने घेतली आहे. ओटा दुरुस्त करून बाहेर उताराची नाली काढायची, कपडे तिथे धुवायचे नाहीत, म्हशी हलवायच्या. गवंडी गावातलाच आहे. अडलं ते शोषखड्ड्यावर. ज्यांचा आहे ते म्हणतात, आत्ता तर बांधला, सरकारी पैशाने, मंजूर होऊन. त्यांचंही चूक नाही, तेव्हा जागा दाखवायला कुणी आलंच नव्हतं.

प्रयोगशाळेतले काका

संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर हवा, शक्यतो विहिरीपेक्षा खालच्या उताराला. ते शेजारी एकटे का भरतील? विहीर सगळ्या फळियाची आहे, नवा खड्डा फळियाने मिळून खणावा. नायट्रेटचा आकडा हाती आला की बोलणं सोपं जाईल, कारण क्लोरीनने नायट्रेट जात नाही. तो मार्ग बंद करायचा तर खड्डा हलवण्यावाचून इलाज नाही.

लष्करवाला

एक विचारू का? गावाच्या टोकाला वेगळी वस्ती असेल, तिथल्या लोकांचा हातपंप असेल. तो या तिन्ही नमुन्यांत दिसला नाही.

महीकाठची

आहे. हातपंप आहे, आणि तिथपर्यंत नळ गेला आहे पण पाणी रोज पोचत नाही. बैठकीत तिथलं कुणी नव्हतं. तुम्ही विचारलंत ते बरं झालं. उद्या सकाळी मी आणि सरपंच बेन बाटली घेऊन जातो, आणि सोमवारी प्रयोगशाळेत जातील त्या नमुन्यांत हातपंपाचाही असेल. काका, नमुना कसा घ्यायचा ते सांगा ना, परत फेरी पडायला नको.

प्रयोगशाळेतले काका

दोन वेगळ्या बाटल्या लागतात. नायट्रेट-फ्लोराइडसाठी साधी स्वच्छ प्लॅस्टिकची एक लिटरची, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरा. जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आधी मागवून घ्या. ती आतून विसळायची नाही. आत थोडं औषध असतं, पाण्यातला क्लोरीन मोडायला. हातपंप आधी दोन-तीन मिनिटं चालवा, तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पेटवून भाजा, थोडं पाणी वाहू द्या, मग भरा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, वर थोडी मोकळी जागा सोडा. विहिरीचा नमुना पावडर टाकायच्या आधी, सकाळी उपसा सुरू झाल्यावर घ्या. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. चोवीस तासांपुढे गेला तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ पेनाने लिहा. सोमवारी सकाळी पहिल्या बसने निघालात तर दुपारच्या आत टेबलावर येईल.